रोह्याच्या घरात अडकलेला आवाज

रोह्याच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर भर दुपारी मेला, आणि मरता मरता बाबांच्या आवाजात बोलला. हसू नका, मी शेजारीच बसले होते.

बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यांच्या गप्पांचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, त्या कॉम्प्युटरवर. आई रोज जेवण झालं की ते लावायची, आणि अर्ध्यातच तिचा डोळा लागायचा. त्या दुपारी ती जागी होती, आणि बाबा शेतात मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीची गोष्ट रंगवून सांगत होते. मध्येच त्यांनी आईला हाक मारली, "अगो, ये..." आणि पडदा गोठला. माउस हलेना. स्पीकरमधून मात्र, "ये-ये-ये-ये-ये." मी प्लग उपटला तेव्हा कुठे थांबलं.

आई शांतपणे म्हणाली, "बोलावतायत."

"मशीन अडकलंय, आई."

"व्हय? मग नेमकं तिथंच?"

तसं ते कुठेही अडकायचं. कधी पत्ते खेळताना, कधी नुसतं चालू असताना. पण आईच्या मनात बसला तो 'ये'. पुढच्या सुट्टीला मी पेणहून आले तर ती शेजारणींना साड्या वाटत होती. एक कोरी तेवढी बाजूला ठेवलेली.

"ही कुणाला?"

"जाताना नेसायला."

मी तडक कॉम्प्युटरकडे वळले.

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेते म्हटलं, तर आईनं हात धरला. "त्यांना जागेवरून हलवू नको." मग मी, कॉम्प्युटर आपलं काम लिहून ठेवतो त्या लिनक्सच्या नोंदी उघडल्या. दर वेळी त्या अर्ध्या ओळीत तुटलेल्या. लिहिणाऱ्याचं मनगट कुणी पकडावं तशा. कारण म्हणून एक अक्षर नाही. मेमरीची तपासणी लावली, तर पडदा चुकांच्या ओळींनी लालच लाल झाला. खोलीत पंखा गरगरत होता, आणि आई माझ्या मागे उभी.

मी कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आत कुंकू! बंद डब्याच्या आत, मेमरीच्या पट्टीवर ताज्या जखमेसारखं बोट ओढलेलं. खाली, पट्टीच्या खाचेत, तांदळाचा एक दाणा.

"आई... हे कुणी?"

"मीच. वर्ष सरलं, दसऱ्याला पूजा केली. वरच्या पत्र्याला काय लावायचं? काम तर आतलं करतं ना? मग झाकण सारून आत लावलं, अक्षता टाकल्या."

"आणि बोट चांगलं दाबून लावलंस! पट्टीच सरकली त्यानं."

"मग काय, घाबरत लावू?"

पट्टी पुसली, दाणा चिमट्यानं काढला, पट्टी नीट खटकन बसवली. रेकॉर्डिंग लावलं. पोपटी आली. "अगो, ये..." आईनं डोळे मिटले. मीही.

"...ये, नि हा पंखा बंद कर आधी. बिल काय तुझा बाप भरनार हाय?"

वर पंखा फिरतच होता. आईनं हळूच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मेल्यावर पण बापच काढतायत माझा," ती म्हणाली, आणि त्या साड्या परत मागून आणायला चपला शोधू लागली. दारापर्यंत गेली, मागे फिरली आणि पंखा बंद केला.