टाकीच्या तळाचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही.

अहेरीजवळच्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर मी स्टोअर सांभाळायची. नव्वदीची ती वर्षं. तिथलं इंजिन, ट्रॅक्टर, जीप — सगळं एकाच डिझेलच्या टाकीवर चालायचं. ती टाकी हमीद बघायचा, आमचा मिस्त्री. सगळे त्याला हमीदभाऊ म्हणत. मी मात्र हाक मारताना नावच टाळायची. का, ते कळलं असेल तुम्हाला.

रोज सकाळी तो टाकीच्या तळाच्या नळाची चावी सोडायचा, काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्यायचा आणि माझ्या खिडकीसमोर उन्हात धरायचा. खाली पाणी, वर डिझेल, मधे स्वच्छ रेघ. “पानी जड असते, सुजाताबाई. तळाले जाऊन बसते. रोज काढलं नाई, तर एक दिवस इंजिनात जाते.” टाकी अर्धी ठेवू नये, रिकाम्या जागेत ओल धरते, हेही त्यानंच शिकवलं. मला टाकीत कसला रस? मला तो बाटली धरलेला हात बघायचा असायचा.

एका ऑगस्टमध्ये तो पंधरा दिवस चंद्रपूरला घरी गेला. जाताना म्हणाला, “तेवढे दिवस पानी तुमी काढजा. अन् झाकणाचं रबर चिरलं हाये. नवं तुमच्याच कपाटात हाये, बसवून घेजा.” मी हो म्हटलं. तीन दिवस पाणी काढलंही. चौथ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर सहज बोलून गेला — हमीदभाऊ साखरपुड्याला गेले. स्वतःच्या.

काय सांगू? त्यानं मला कधी कसला शब्द दिला नव्हता. तरी मी रुसले — आणि राग काढला टाकीवर. चावीला हात लावला नाही. रबर कपाटातच राहिलं. पाऊस कोसळत होता, मशीन बंद होती आणि मी खिडकीतून त्या झाकणाकडे बघत बसायची. आत पाणी जातंय, हे मला ठाऊक होतं. नुसती विसरले असते, तर आज हे सांगत बसले असते का?

तो परतला त्याच सकाळी, त्यानं टाकी बघायच्या आत कुणीतरी इंजिन चालू केलं. दोन-चार आचके देऊन ते बंद पडलं. मग ट्रॅक्टर. पंप खोलला तर आत पाणीच पाणी. माणसं जमली. यानंच जायच्या आधी डिझेल काढून त्याजागी पाणी भरलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. मालकांनी मला बोलावलं. “बाई, जाताना यानं तुमाले टाकीचं काई सांगतलं होतं का?”

हमीद माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी खरं सांगणार, असा भरवसा होता.

“मले काई नाई सांगतलं,” मी म्हणाले.

तो एक शब्द बोलला नाही. का बोलला नाही? माझी नोकरी जाईल म्हणून? की चार माणसांत मला खोटं पाडणं त्याला नको वाटलं? मला माहीत नाही. त्यानं आपले पाने अवजारांच्या पेटीत भरले आणि दुपारच्या एसटीनं तो गेला. पुढे कितीतरी वर्षं तिथं त्याचा विषय निघाला की लोक ‘तो डिझेलचोर’ म्हणत. मी रजिस्टरमध्ये मान घालून ऐकत राहायची.

बऱ्याच वर्षांनी गडचिरोलीच्या बसस्थानकावर तो भेटला. सोबत बायको आणि लेक. त्यानंच मला ओळखलं, तब्येत विचारली. गाडीला उशीर होता. आम्ही शेजारी उभे होतो. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी त्याच्या लेकीची शाळा विचारली. गाडी आली, तेव्हा त्यानं माझी पिशवी वर चढवून दिली.

अजूनही त्याची आठवण येते. त्या आठवणीवर माझा काही हक्क नाही, तरी येते.

त्याला चोर मी ठरवलं.