डोळे मिटून एका पायावर

माझी बायको मंदा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात एका पायावर उभे होतो. डोळे मिटून, हात ओट्यापासून बोटभर लांब. आकडे ती मोजायची. वीस झाले की म्हणायची, "अजून पडला नाहीत?" हे खूळ घरात मी आणलं. मला ते लागलं सिन्नरच्या एका खो-खोवाल्या पोरीमुळे.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. मी नाशकात दवाखान्यात, फिजिओथेरपीच्या खोलीत अटेंडंट होतो. चौथी पास. पेशंट उचलायचे, शेकाचं मशीन लावायचं. माझा बाप लचक काढायचा, म्हणून माझा माझ्या हातावर लय भरवसा.

कुसुम आली ती उजवा घोटा सुजवून. चौथ्यांदा मुरगळलेला. दोन महिन्यांवर जिल्ह्याच्या टीमची निवड. तिचा बाप म्हणाला, "यंदा नाव आलं नाय तर खेळ बंद. स्थळ बघून ठेवलंय."

आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम राउंडला गेल्या होत्या. मी तेल लावून घोटा दणकून चोळला आणि ओढला. दुसऱ्या दिवशी सूज दुप्पट.

"कोणी चोळलं?" मॅडमनी विचारलं.

"मी. बाप असंच करायचा."

"त्यांच्याकडे तीच माणसं पुन्हा पुन्हा यायची का?"

यायची. आम्ही त्याला भरवसा समजत होतो.

सूज उतरल्यावर मॅडमनी तिला डोळे मिटून एका पायावर उभं केलं. डाव्यावर वीस आकडे. उजव्यावर तीन, आणि पोरगी माझ्या अंगावर. मॅडम म्हणाल्या, "मामा, अंधारात जिना चढता तेव्हा पाय कुठे पडतोय ते पायालाच कळतं. सारखा मुरगळून हिचा घोटा ते विसरलाय. खुंटाला वळसा घालताना नजर मागच्या खेळाडूवर. पायाकडे कोण बघतंय?"

मला चैन पडेना. घरी करून पाहिलं. मी सातला पडलो. मंदा पहिल्याच दिवशी एकोणीस. म्हणाली, "डोक्यावर हंडा घेऊन घाट चढलेय मी. तुम्ही काय उचललंत?" पेशंट उचलतो म्हणालो, तर हसली.

कुसुम आधी फरशीवर उभी राहिली, मग घडी केलेल्या घोंगडीवर, मग मी बाजूने चेंडू फेकायचा तो झेलत. शेवटी व्हरांड्यातल्या खांबाभोवती पळणं. पाठलागाला मी.

"मामा, तुमच्या हातून कासव पण सुटंल," ती म्हणायची.

निवडीत तिचं नाव आलं. बाप सांगायला आला, रात्रभर झोप न झाल्यासारखा चेहरा. "पाव्हण्यांना थांबा म्हणलंय," एवढंच बोलला आणि भाजीची पिशवी ठेवून गेला.

मी त्यानंतर कुणाची लचक काढली नाही. दुखरी जागा चोळली की बरं वाटतं. बरी होत नाही.

मंदाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी गेलो. पाहुणे झोपलेले होते. डोळे मिटले, एक पाय उचलला. मोजायचं राहूनच गेलं. वहिनीने चहाला हाक मारली तेव्हा पाय खाली टेकला.