लाखेखालची गाठ

खाजामियाँच्या हातचा पाळणा नाही असं घर नांदेडच्या इतवाऱ्यात शोधूनही सापडायचं नाही. दुकान बापाचं, खरादही बापाचीच. फक्त दोरीने ओढून फिरवायची ती मोटरवर फिरू लागली एवढाच फरक. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की भुस्सा उडायचा आणि ओबडधोबड दांडक्यातून पाळण्याचा खांब, पलंगाचा पाय, लाटणं असं काय हवं ते बाहेर यायचं. माणूस बोलायला गोड, कामाला चोख. आपल्या चोखपणाचा अभिमान मात्र जरा जास्तच, आणि तोच पुढे नडला.

आठ वर्षांपूर्वी एका शाळेचे खेळाचे शिक्षक, आनंदराज सर, तुटकी लाकडी बॅट घेऊन दुकानात आले.

"मामू, अशी बनवता येईल का? बेसबॉलची हाय. बाहेरून मागवायची आमच्या शाळेची ऐपत न्हाई."

चहा घेऊन आलेल्या खाजामियाँच्या पत्नी हाजराबींनी बॅटकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ये तो मूसल है जी!" झालं. गल्लीने त्या बॅटचं नाव मुसळ ठेवलं. क्रिकेट सोडून मुसळाने चेंडू बडवणारी ही कुठली पोरं, म्हणून पानटपरीवर महिनाभर हशा पिकला. खाजामियाँनी मात्र ते काम मनावर घेतलं. सागवान लावून पाहिलं, ते दुसऱ्याच चेंडूला चिरलं. शिसम लावलं, तर ते उचलता उचलता पोरींचे खांदे भरून आले. शेवटी किनवटला रेल्वेने जाऊन त्यांनी लाकडाच्या आगारातून धामण आणलं. धामणाचे कुऱ्हाडीला दांडे घालतात. कुऱ्हाडीचा दणका सोसतं ते चेंडूचा सोसणार नाही का, असा सरळ हिशेब.

लाकूड निवडायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. दांडक्याची एक बाजू तासून तिच्यावर निळ्या शाईचा थेंब टाकायचा. शाई रेषांमधून सरळ धावली तर बॅट, तिरकी गेली तर लाटणं. मग दांडकं वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरून कानाशी न्यायचं आणि बोटाच्या पेराने ठोकायचं. 'टण' आलं तर लाकूड निरोगी. 'थप' आलं तर आत काहीतरी दबा धरून बसलंय, ते बाजूला टाकायचं. बॅट तयार झाली की तापल्या सळईने तिच्यावर टिकलीएवढा डाग द्यायचा. मारताना डाग आभाळाकडे राहिला पाहिजे, म्हणजे चेंडू लाकडाच्या बळकट अंगावर बसतो. डाग चेंडूकडे वळला की बॅट मोडलीच म्हणून समजा.

हे सगळं त्यांनी पोरांना शिकवलं. सगळ्यांत आधी शिकला तो प्रीतम. पोस्टात कारकून असलेल्या ग्यानोबांचा हा मुलगा. चेंडू लांब टोलवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याची धाकटी बहीण दिपाली मुलींच्या संघात चेंडू टाकायची. प्रीतम दुकानात तासन्‌तास बसायचा, एकेक दांडकं कानाला लावून ठोकत. "याला कान हाय," खाजामियाँ हाजराबींना कौतुकाने सांगायचे. स्वतःच्या मुलांपैकी कुणीच खरादीकडे वळलं नव्हतं, म्हणून ते जास्तच बोलायचे.

आता खराद्यांची एक रीत सांगितली पाहिजे. पाळण्याच्या खांबात गाठ निघाली की ती उघडी ठेवत नाहीत. खांब फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवायची. घर्षणाने लाख वितळते, गाठीत बसते आणि वरून गुळगुळीत लाल पट्टा दिसतो. बाळंतिणीच्या नजरेस लाकडातला काळा डोळा पडू नये, तिचं मन कचरू नये, म्हणून. खाजामियाँच्या बापाने त्यांना सांगितलं होतं, गाठ झाकणं हे लबाडीचं नव्हे, मायेचं काम आहे. चाळीस वर्षं त्यांच्या हाताने हे मायेचं काम केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या आधी सरांना बारा बॅटी हव्या होत्या. अकरा झाल्या. बाराव्या दांडक्यात मुठीच्या जरा वर गाठ होती. त्यांनी ठोकलं. थप. मनात पाल चुकचुकली, पण अकरा देऊन 'बारावी जमली नाही' म्हणायला जीभ रेटेना. खाजामियाँच्या तोंडून कधी 'जमलं नाही' निघालं होतं? जादा बॅट आहे, पडून राहील, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं आणि कांडी उचलली. सगळ्या बॅटींच्या मुठीला लाल पट्टा होताच. बारावीचा दोन बोटं रुंद निघाला, एवढंच.

बॅटी दिल्यावर चौथ्या दिवशी सरावाला प्रीतमच्या हाती तीच आली. त्याने ती कानाशी नेली नाही. मामूच्या बॅटी ठोकून बघायच्या नसतात, असा त्याचा विश्वास. समोरून दिपालीने चेंडू टाकला. बॅट मुठीवर मोडली आणि ढलपी तिच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा गेला.

सर तुटकी मूठ घेऊन दुकानात आले. "मामू, पोरानं डाग उलटा धरला असंल. तुमचा काय दोष यात?"

मोडलेल्या तोंडाशी काळपट ठिपका दिसत होता. सरांना तो घामाचा वाटला. खाजामियाँना तो कशाचा ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'ने त्यांना दोन वर्षं खाल्लं. मूठ त्यांनी फडक्यात बांधून आढ्यावर ठेवली. जाळायचं धाडस झालं नाही, दाखवायचंही नाही. दुकानाच्या फळीवर कुणी हात मारला की थप. शेजारी गादीवाला गादी झोडपायचा, थप. हाजराबी काठवटीत भाकरी थापायला बसल्या की खाजामियाँ उठून बाहेर जायचे. काठवटही त्यांच्याच हातची. मग ते भातच मागू लागले. मराठवाड्यातला माणूस ज्वारीची भाकरी नको म्हणतो म्हटल्यावर हाजराबी घाबरल्या, दवाखान्यात चला म्हणाल्या. काय सांगणार? खाई त्याला खवखवे.

लाखेच्या कांड्या त्यांनी डब्यात बंद केल्या. पाळण्यांच्या गाठी उघड्या राहू लागल्या आणि त्या सगळ्या गाठी त्यांच्याकडे बघायच्या, दिपालीच्या डाव्या डोळ्यासारख्या. गिऱ्हाइकं कुरकुरत. एक आजीबाई तर खांब परत करून गेली, "म्हातारपणी हात बिघडला तुमचा," म्हणून.

रमजानात एकदा खजूर घेऊन ते ग्यानोबांच्या दारापर्यंत गेले. आज बोलायचंच, असं घरून ठरवून. दार प्रीतमने उघडलं. पोरगा वाळला होता, मान खाली. खाजामियाँ तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मामू, तुमची बॅट माझ्या हातनं मोडली. माफ करा." खाजामियाँनी खजूर त्याच्या हातात दिले आणि परत फिरले. वाटेत त्यांना आपली चप्पल वाजते ती थप थप ऐकू येत राहिली.

परवा दुपारी आनंदराज सर आले, बरोबर दिपाली. एक डोळा काचेचा. प्रीतम मोटारसायकलवर रस्त्यातच थांबला, दुकानाकडे पाठ करून.

"मला बॅट पाहिजे, मामू," दिपाली म्हणाली. "आता मारायचं शिकून राहिले. चेंडू किती लांब हाय ते एका डोळ्यानं चटकन कळत न्हाई. पण कळंल. डोळा अर्धा हाय, कान तर पुरे हायेत. मला ठोकून घ्यायचीय."

आठ वर्षांचा शिरस्ता म्हणून खाजामियाँनी चार बॅटी पुढे ठेवल्या. दिपालीने एकेक बॅट कानाशी नेली, ठोकली, मान तिरकी करून ऐकली. तिसरी तिने बाजूला काढली. टण. मग सहज बोलावं तसं ती म्हणाली, "दादाला एकदा सांगा ना, डाग कसा धरायचा ते. पहिले तो म्हणायचा, डाग वरच होता. पप्पा म्हणले, बहिणीचा डोळा घालवून वर खोटं बोलतोस? आता तोच म्हणतो, आठवत न्हाई, उलटाच असंल. हातात लाटणं बी धरत न्हाई तो."

खाजामियाँनी रस्त्यात पाठ करून थांबलेल्या प्रीतमकडे पाहिलं. आपण लाकूड झाकलं होतं, तेवढंच नव्हे. एका पोराची स्वतःच्या हातांवरची खात्री आपण लाखेखाली पुरली होती, आणि तो पोरगा रोज आपल्या गल्लीवरून मान खाली घालून जात होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"प्रीतमला आत बोलवा, सर," ते म्हणाले.

तो येऊन उंबऱ्याशी उभा राहिला. खाजामियाँनी स्टुलावर चढून आढ्यावरचं फडकं काढलं. मूठ खरादीवर टेकवून लाल पट्ट्यावर पटाशी चालवली. लाखेचे टवके उडाले. खाली चिंचोक्याएवढी काळी गाठ होती, आणि चीर तिच्यापासूनच निघाली होती.

"डाग वरच होता, बेटा. गाठ मी झाकली."

सरांनी वाकून गाठ पाहिली. दिपालीने चांगला डोळा खाजामियाँकडे वळवला. "चुकून?"

तिने वाट काढून दिली होती. 'हाव, चुकून' म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"न्हाई," खाजामियाँ म्हणाले. "ठोकून पाहिलं होतं मी. आवाज आला होता. पण बारावी न्हाई जमली, हे तोंडातून निघंना."

प्रीतम उंबऱ्यावरून आत आला. पुढे होऊन त्याने ती मूठ उचलली, शिकवल्याप्रमाणे दोन बोटांत सैल धरली, कानाशी नेली आणि पेराने ठोकली. थप. पुन्हा ठोकली. थप. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या हातात बॅटचं लाकूड होतं.

"एवढं साफ ऐकू येत होतं, मामू?"

"हाव. एवढंच साफ."

त्याने मूठ शर्टाच्या आत घातली. "चल," तो बहिणीला म्हणाला, "पप्पाला ऐकवतो."

दोघं गेली. सरही त्यांच्यामागे गेले, निरोप न घेता. दिपालीने निवडलेली तिसरी बॅट खरादीवरच राहिली होती.