हलक्या टायरला टोचलेलं दाभण

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा. चौथीनंतर माझं लिहिणं सहीपुरतंच राहिलं. आणि हे तर मी आपल्या माणसांत कुणाला तोंडानंही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगायला गेले की मी लाजते, आणि लाजले की उठून चहाला आधण ठेवते. म्हणून लिहिते.

माझी सून जयश्री घोडेगावच्या शाळेत खेळ शिकवते आणि डोंगरात सायकल पळवते. हो, डोंगरात, जिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. आमच्या शिनोलीतली माणसं आधी हसली. मला तिचा अभिमान होता, पण तोही कधी बोलून दाखवला नाही.

शर्यतीसाठी तिला मागच्या चाकाला टायर हवं होतं. चढावर दमवणार नाही असं हलकं, आणि बाभळीच्या काट्यांना दाद देणार नाही असं दणकट. दोन्ही एकाच टायरात कुठून मिळणार? जुन्नरच्या सायकलवाल्याने दोन टायरं घरी पाठवली, एक जाड बाजूंचं आणि एक हलकं. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत करा. आमच्या ह्यांनी दोन्ही कांद्याच्या वजनकाट्यावर चढवली.

"जाडच घे, सूनबाई. नांगराला कुणी किडकिडा बैल जुंपतं का?"

"आबा, चढ तुमी चढणार का मी?"

आठवडाभर हेच. जेवताना टायर, धार काढताना टायर. शेवटी ती माझ्याकडे वळली. "आई, तुमी सांगाल तेच घेणार."

मी? या घरात भाजीतल्या मिठापलीकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं. इतकं भरून आलं, की नीट पारखूनच सांगायचं असं मी ठरवलं. आणि पारखायचं म्हणजे — बाजारात दुधी घेताना मी काय करते? नख रुतवून बघते.

सगळे लग्नाला गेल्यावर मी हलकं टायर मांडीवर घेतलं. नख लागेना. बाभळीचा काटा टोचला, तर काटाच मोडला. शाबास, म्हटलं. इथे थांबायचं की नाही? मी पोती शिवायचं दाभण आणलं. टायरच्या बाजूला मऊ लागत होतं, तिथे टेकवलं, जरा दाबलं — आणि ते आरपार गेलं, थेट माझ्या साडीत. घाबरून काढताना वर गरागरा फिरवलंही.

इथवर नुसता येडेपणा. खरं पाप पुढे आहे. संध्याकाळी जयश्रीने विचारलं. जाड घे म्हणाले असते तर हलकं दुकानात परत गेलं असतं, आणि सायकलवाल्याला भोक दिसलं असतं. म्हणून मी म्हणाले, "हलकं घे." वर जाणत्या बाईसारखी मानही डोलावली.

त्या टायरात ट्यूब नसते. दुधासारखं औषध ओततात, ते बारीक भोकं आपोआप बुजवतं. अंगणात त्याने माझंही बुजवलं. सुटले, म्हटलं. पण शर्यतीत उतारावर नेमका त्या बाजूला दगड घासला आणि भोक उघडलं. जयश्री सायकल खांद्यावर घेऊन खाली आली, तेव्हा तोंडावर, केसांवर ते पांढरं औषध. मला वाटलं, हिच्या अंगावर ताकाचा डेरा फुटला. वर्षभर पहाटे उठून घाम गाळलेली पोर — तिला शेवटचाही नंबर मिळाला नाही. आणि वर मलाच म्हणते, "आई, तुमचा अंदाज बरोबर व्हता. त्या सायकलवाल्यानंच खराब माल गळ्यात मारला."

ह्यांनी त्याला फोन लावला. "काय राव, पोरीला फसवता व्हय?"

"न्हाई वो आबा, कोरं टायर व्हतं! देवाशप्पथ!"

शेवटी बिचाऱ्याने पैसे परत केले. मी तिथेच उभी होते. काय केलं मी? चहाला आधण ठेवलं.

पुढे अंड्यांचे पैसे साठवले आणि गुडघा दाखवायला जाते सांगून एसटीने जुन्नरला गेले. पहिल्या खेपेला तोंड उघडेना. एक घंटी विकत घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेला सांगितलं.

"दाभण?" तो म्हणाला.

"व्हय."

"टायरला, मावशी?"

"व्हय. दुधी बघतात तसं."

तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. मग हसायचा थांबला. मी पदराची गाठ सोडून अंड्यांचे पैसे त्याच्यापुढे ठेवले.

थोडे थोडे करत टायरचे पैसे देत राहिले. गुडघा बरा होत नाही म्हणून ह्यांनी मला खाली बसून करायची कामं बंद केली. जयश्री तेल लावून देते — मी लावून घेते.

काल शेवटचे दिले. त्याने मोजले, गल्ल्यात टाकले.

"फिटलं, मावशी. पर सूनबाई आता सामान पुण्यावरनंच आणत्यात म्हणं? आमच्या दुकानापुढनं जाताना बघत बी न्हाईत."

मी मान हलवली आणि एसटी धरली. पैसे तेवढे पूर्ण फिटले.