पाय काढा!

बाबांची जुनी गाडी मी कार्बोरेटरवरून फ्युएल इंजेक्शनवर आणायला घेतली, तेव्हा बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते. त्यांना गाडीला कुणी हात लावलेला खपायचा नाही. पण गुडघे दुखायला लागले होते, आणि गाडी सुरू करायची म्हणजे चोक ओढा, अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसा, तरी बाईसाहेबांची मर्जी असली तर. कंटाळून त्यांनी बावधनचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं. मला गाडी जाऊ द्यायची नव्हती. मी तिच्या मागच्या सीटवरच वाढले, असं आई म्हणते.

"रविवारी संध्याकाळच्या आत माझ्या हातानं सुरू झाली तर राहील," बाबा आईकडे बघत मला ऐकू जाईल असं म्हणाले. "नाहीतर गेली."

काम भुकूमला, आमच्या घरमालक मामांच्या शेडमध्ये चाललं होतं. पूर्वी तिथं बैल बांधायचे, आता भाडेकरूंच्या स्कूटर असतात. कार्बोरेटर उतरवला, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवले, टाकीत इलेक्ट्रिक पंप सोडला, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवायला डॅशबोर्डखाली एक छोटा कॉम्प्युटर. शनिवारी गाडी माझ्या हातानं पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी मामांना मिठीच मारणार होते, कसंबसं स्वतःला आवरलं.

रविवारी बाबा आले. सीट पुढं घेतली, स्टिअरिंगला हात जोडले आणि सवयीनं अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून किल्ली फिरवली. स्टार्टर नुसताच खर्र खर्र. पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझा जीव टांगणीला. मग एकदम ट्यूब पेटली. पेडल असं तळाला दाबून धरलं की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि तो पेट्रोलच तोडतो!

"बाबा, पाय काढा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

बाबा उतरले. दार हलकेच लावलं आणि पौड रस्त्याच्या दिशेनं चालू लागले. आमच्या घरात पाय काढणं म्हणजे चालतं होणं, दुसरा अर्थच नाही.

"आवं काका, गाडीतनं न्हाई, पेडलवरनं!" मामा पोट धरून ओरडले. "पोरगी तुमाला कशापायी हाकलंल?"

बाबा परत आले, फुगलेलेच. दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण इतकी मुकाट्यानं की त्यांना पटेना. त्यांनी चालू गाडीतच पुन्हा किल्ली फिरवली, तसा स्टार्टर किंचाळला. मामा आणि मी हसून हसून लोळायचे बाकी होतो. मामा तर थोडे नाचलेसुद्धा.

आम्हाला तसंच सोडून बाबा एकटेच कासार आंबोलीपर्यंत जाऊन आले. आल्यावर गाडीतूनच बावधनला फोन लावला.

"चालू झाली ना, मस्त चालू झाली. पण आता ती माझी राहिली नाही हो. आमच्या पोरीनं केलीय. द्यायची का, ते तिलाच विचारा."

आणि फोन माझ्या हातात दिला. मला हसू आवरेना, रडू आवरेना. पलीकडून आपलं "हॅलो, हॅलो" चाललेलं.