बिलावरचा हात

ज्याला खरोखर पैसे द्यायचे असतात तो कधी भांडत नाही. जेवण अर्ध्यावर आलं की 'जरा हात धुऊन येतो' म्हणून उठतो, माझ्या गल्ल्याशी येऊन गुपचूप कार्ड पुढं करतो आणि परत जाऊन मासा खायला बसतो. बिल टेबलावर आल्यावर जे खुर्च्या मागं सारतात, एकमेकांची मनगटं पिरगळतात, 'माझी शपथ आहे तुला' म्हणून ओरडतात, त्यातल्या निम्म्यांच्या पाकिटात खडखडाट असतो. इथं परदेशात, टेम्पल सिटीत हॉटेल चालवून माझे केस पांढरे झाले, मला कोण शिकवणार? पण भांडायचं मात्र सगळ्यांनी. आम्हा तैवानी लोकांत जो बिलासाठी हातही पुढं करत नाही, त्याला आम्ही माणसांत धरत नाही.

सू-लान भांडणाऱ्यांतली. आणि काय भांडायची बाई! आमच्या तैवानी मंडळाचं दर महिन्याला माझ्याकडं जेवण असे. बिल आलं रे आलं की पहिली झडप हिची. "आज मी! आज कुणाचं ऐकणार नाही!" मग दातांच्या डॉक्टरांची बायको, चुआंगबाई, हिची बोटं एकेक करून सोडवायच्या. "बस गं खाली, मोठी आली पैसे देणारी!" सगळे हसायचे. सू-लान फुरंगटून बसायची, "दर वेळी असंच करता तुम्ही, वहिनी." इतक्या वर्षांत तिला एकदाही पैसे द्यावे लागले नाहीत. कुणी तिला लबाड म्हणत नव्हतं. तिनं झडप घालायची, चुआंगबाईंनी हिसकून घ्यायचं, हिची लाज राहायची आणि त्यांचा मोठेपणा.

तिची परिस्थिती कुणाला ठाऊक नव्हती? नवरा धंद्याच्या नावाखाली तैवानला परत गेला तो गेलाच. तिकडं त्यानं दुसरा संसार मांडला. ही इथं लहान पोराला घेऊन कुणाच्या तरी घरामागच्या गॅरेजात भाड्यानं राहिली. मग बाळंतिणी करायला लागली. महिनाभर त्या घरात राहायचं, तिळाच्या तेलात आल्याची कोंबडी शिजवायची, बाईला गार पाण्याला हात लावू द्यायचा नाही, पोट बांधायचं, रात्री पोर सांभाळायचं. आमच्या निम्म्या पोरासोरांना तिनं न्हाऊ घातलंय. अंगाला कायम आल्याचा वास. पण तोरा बघाल तर, "मी काही नोकरी करत नाही, आवड म्हणून जाते हो!"

एकदा आमच्या पेपरात आलं की या देशात तैवानहून आलेल्यांची घरं, ज्यांचे वाडवडील ब्रिटनमधून आले त्यांच्या घरांपेक्षा जास्त कमावतात. मंडळवाल्यांनी ती बातमी कापून माझ्या गल्ल्याच्या काचेवर चिकटवली, इंग्रजी आणि चिनी दोन्ही. सू-लान येईल तेव्हा ती मोठ्यानं वाचायची. "बघा, इंग्रजांच्या पुढं गेलो आपण!"

मी म्हटलं, "आपण? अगं, तुझ्या गॅरेजला खिडकी तरी आहे का?"

"सरासरी म्हणतात त्याला, ताई."

"हो ना. डॉक्टर चुआंग दोन माणसांचं कमावतात आणि तू अर्ध्याचं. बेरीज करून दोनानं भागलं की तूही श्रीमंत."

ती हसली. तिला राग येत नसे, हा तिचा एक गुण. किंवा रोग म्हणा.

पोरगा मात्र हुशार निघाला. विन्स्टन नाव ठेवलं होतं, नावापासूनच मिजास. शिकला, चांगल्या कंपनीत लागला. चुआंगबाईंचा आपल्या मुलीसाठी त्याच्यावर डोळा होता, हेही सगळ्यांना ठाऊक. पण त्यानं जमवलं हॅडलीशी, शेजारच्या पसादेना गावच्या एकर्सलींच्या मुलीशी. बरं, जमवलं तर जमवलं. सू-लाननं गप्प बसावं की नाही? ही शहाणी चुआंगबाईंच्या स्वयंपाकघरात, माझ्यादेखत, त्यांच्या गरोदर सुनेसमोर सांगत सुटली, "जुनं इंग्रज घराणं आहे, वहिनी. तुमच्या-आमच्यासारखं कालपरवा आलेलं नाही." चुआंगबाई नुसत्या हसल्या. ते हसू मी ओळखते. मला तर त्याच दिवशी वाटलं की ही आता खड्ड्यात जाणार.

दोन्हीकडच्या मंडळींचं जेवण माझ्याकडंच ठरलं. नवरा नाही, सासर नाही. आपल्या बाजूनं कुणीतरी भारदस्त माणूस हवं, म्हणून सू-लाननं बोलावलं कुणाला? चुआंगबाईंना!

त्या दिवशी दुपारी ती पदार्थ ठरवायला आली. तुळशीच्या पानांची कोंबडी, वाफवलेला मासा, मुळ्याचं ऑम्लेट, एक पालेभाजी, शेवया. नीटनेटकं, झेपेल असं. ते झाल्यावर म्हणाली, "ताई, गावाकडून, च्याईहून भावाचा फोन आला. आई काही खात नाही. डॉक्टर म्हणाले, भेटायचं तर लवकर या."

"मग?"

"उद्या सकाळी शेजारच्या एजंटकडं तिकीट काढते. पैसे आणलेत बरोबर." तिनं पर्स पोटाशी धरली. विन्स्टनच्या कॉलेजच्या आधीपासून ती आईला भेटली नव्हती. कधी फी, कधी भाडं, कधी पोराचे दात. "आई म्हणे सारखी विचारते, ती ताट घेऊन येतेय का म्हणून. मी लहान आहे, तिचं जेवण मीच नेते, असंच वाटतं तिला आता."

"आणि आजचं बिल?"

"विन्स्टन देणार आहे. मधेच उठून तुमच्याकडं कार्ड देईल. त्यानं सांगितलंय तसं."

संध्याकाळी आली सगळी. एकर्सली म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, बायको तशीच साधी. माणसं वाईट नव्हती. उलट नको इतकी चांगली. टेबलाकडं जाताना म्हाताऱ्यानं काचेवरची बातमी उभ्याउभ्या वाचली आणि बसल्यावर स्वतःच विषय काढला. "माझे आजोबा ब्रिटनमधल्या लँकेशरच्या गिरणीतून आले. संत्र्याच्या बागांत जमीन घेतली, घर बांधलं. तीन पिढ्या झाल्या आणि आम्ही अजून तिथंच! तुम्ही लोक बघा, कुठच्या कुठं गेलात." अगदी मनापासून बोलत होता. आजोबांचं ते घर आज विकलं तर माझ्यासारखी दहा हॉटेलं येतील, पण घराला कमाई म्हणत नाहीत. कमाई म्हणजे त्याची पेन्शन. त्यामुळं पेपरात तो बिचारा मागं आणि सू-लान पुढं.

विन्स्टन म्हणाला, "आई या आठवड्यात तैवानला जातेय. आजी आजारी आहे."

"अरे रे," एकर्सली म्हणाला. "लांबचा प्रवास. पण जाता येतंय हे किती चांगलं."

"सू-लानला काय कमी आहे!" चुआंगबाई इंग्रजीत म्हणाल्या. "घरोघरची बोलावणी असतात तिला. नाही म्हणता म्हणता दमते." मग वेटरला बोलावून आपल्या भाषेत सू-लानला म्हणाल्या, "मुळ्याचं ऑम्लेट खायला घालणार व्याह्यांना? लोक तोंडात शेण घालतील. थांब, मी सांगते." आणि त्यांनी सांगितलं. दोन मोठे लॉबस्टर. अबलोनीचे महागडे शिंपले. समुद्रकाकडी. माझ्या फडताळात वरच्या फळीवर ठेवलेली ती सगळ्यांत महाग दारूची बाटली. पाहुण्यांना एक अक्षर कळलं नाही, ते हसून माना डोलवत होते. सू-लानही हसत होती, "मागवा ना, मागवा," आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

मी विन्स्टनकडं बघत होते. लॉबस्टर आले, आता उठेल. मासा आला, आता उठेल. फळं आली. पठ्ठ्या हॅडलीला संत्र्याच्या फोडी सोलून देत बसला.

मग बिल गेलं.

सू-लाननं झडप घातली. सवयच ती! "आज मी! कुणाचं ऐकणार नाही!" बिल छातीशी धरलं आणि चुआंगबाईंकडं बघितलं. चुआंगबाईंनी चहाचा पेला उचलला, फुंकर मारली, घोट घेतला. सू-लान पुन्हा म्हणाली, "नाही नाही, वहिनी, मीच देणार." त्यांच्या हातात पेला तसाच. सू-लाननं पोराकडं बघितलं. तो रुमालाची घडी घालत होता.

शेवटी एकर्सली बोलला. त्यांच्यात कुणी 'मी देते' म्हणालं की ते खरं धरतात, दुसऱ्यांदा आग्रह करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. त्याला कुठलं माहीत की इथं त्यानं मनगट धरायचं असतं? "हे फारच उदारपणाचं आहे," तो उठून म्हणाला. "मनापासून आभार." त्याच्या बायकोनं सू-लानला मिठी मारली.

ती गल्ल्याशी आली. पर्स उघडली. ते पैसे कुठले, हे तिला ठाऊक आणि मला ठाऊक. ती थोडी थांबली, मी काही म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही. लॉबस्टरवाला मला उधार देत नाही आणि मी धर्मशाळा उघडलेली नाही. नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. चुआंगबाई मागून आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं? किती वर्षं मागे लागली होतीस."

दुसऱ्या दिवशी विन्स्टन डबा न्यायला आला तेव्हा मी त्याला धरलं. "काय रे, कार्ड विसरलास का घरी?"

"नाही मावशी. देणारच होतो. पण त्या चुआंगकाकू काय काय बोलल्या ऐकलंत ना? त्यानंतर मी दिले असते तर एकर्सलींना वाटलं असतं, आईला परवडत नाही."

"परवडत नाहीच तिला!"

"ते त्यांना कशाला कळायला हवं?" हळूच म्हणाला, आजूबाजूला बघून. "मी त्यांना सांगितलंय की आईचा बाळंतिणींच्या देखभालीचा व्यवसाय आहे. माणसं आहेत हाताखाली. मावशी, तुम्ही उगाच... तिकीट मी पगार झाला की काढून देतो. आजी काही लगेच जात नाही."

आजी लगेच गेली. त्याचा पगार व्हायच्या आत गेली.

तोवर चुआंगबाईंची सून बाळंत झाली होती आणि सू-लान तिथंच राहायला होती. कोंबडी न्यायच्या निमित्तानं माझ्या मागच्या दारी आली, पिंपावर बसली आणि मला सांगितलं. भावानं फोनवर विचारलं होतं, "का आली नाहीस?" हिनं सांगितलं, काम निघालं. त्यानं फोन ठेवला.

"कुणाला बोलू नका, ताई," ती म्हणाली. "सुतक आहे कळलं तर वहिनी मला बाळाजवळ उभं करणार नाहीत. महिन्याचं काम जाईल. आणि लग्नात सुतकातलं माणूस चालत नाही. विन्स्टन म्हणाला, लग्न होऊ दे, मग बघू."

"त्याला कळलंय?"

"त्यालाच आधी सांगितलं ना."

तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "रडू नकोस. डोळे सुजले की चुआंगबाईंना लगेच कळेल." ती रडायची थांबली. कोंबडी घेतली आणि गेली. महिनाभर तिनं त्या घरात पोराला न्हाऊ घातलं, अंगाई म्हटली, आणि शेवटच्या दिवशी, बाळाला महिना झाला म्हणून वाटतात ती लाल अंडी रंगवून दिली.

लग्न एकर्सलींच्या मागच्या बागेत झालं. आमच्याकडची झाडून सगळी मंडळी आली होती आणि जो तो जमीन किती असेल याचा अंदाज करत होता. सू-लान लालभडक झग्यात. वरमाईनं लालच घालायचं. चुआंगबाईंनी स्वतः तिच्या छातीवर फूल लावलं. मी खाण्याच्या टेबलाशी होते, हाकेच्या अंतरावर.

एकर्सली दोन पेले घेऊन आला. "विहीणबाई, तुमच्या आई कशा आहेत? भेट झाली ना?"

विन्स्टन शेजारीच होता. त्यानं आईच्या पाठीवर हात ठेवला. चुआंगबाई फूल सरळ करत होत्या, त्यांचे कान इकडंच.

"बरी आहे," सू-लान म्हणाली. "तुमच्या मुलीला आशीर्वाद सांगितलाय तिनं."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. त्यानं बायकोला हाक मारली. "ऐकलंस? आजींनी आशीर्वाद पाठवलाय." मग सू-लानकडं वळून म्हणाला, "आम्ही दोघांनी ठरवलंय. त्यांना एकदा इथं बोलवू या. तिकीट आमच्याकडून. तुम्ही आम्हाला कधी कशाचे पैसे देऊ देत नाही, निदान एवढं तरी करू द्या."

आणि सू-लाननं त्याचं मनगट धरलं. घट्ट. "नाही नाही," ती म्हणाली, "आईचं तिकीट मीच काढणार. कुणाचं ऐकणार नाही."

"बरं," एकर्सली हसून म्हणाला, "तुमचा एवढा आग्रहच असेल तर राहिलं." त्यानं तिच्या हातात पेला दिला आणि तो दुसऱ्या पाहुण्यांकडं गेला.