पळायच्या पिशवीतला चाकू

आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी कोसळली ती एका रविवारी दुपारी, चहाच्या वेळेला. नवरात्र संपलं होतं. पाऊस गेल्यात जमा होता, पण गॅलरीला बांधलेल्या ताडपत्र्या अजून कुणी सोडल्या नव्हत्या. लालबागच्या आमच्या चाळीत ताडपत्री पावसाच्या तोंडावर चढते आणि दिवाळीच्या साफसफाईला उतरते. जाड, निळी, वरच्या वाशापासून खालच्या कठड्यापर्यंत नायलॉनच्या दोरीने करकचून आवळलेली.

शेवटच्या खोलीतल्या वहिनी वाळलेले कपडे काढायला बाहेर आल्या होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. यजमान गेल्यापासून एकट्याच राहायच्या आणि जवळपासच्या ऑफिसांना जेवणाचे डबे द्यायच्या. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हापासूनची आमची शेजारीण. मी आत चहा ठेवत होते. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग पायाखालची जमीन हलली, आणि मग नुसती धूळ. दार उघडून पाहते तो आमच्या उंबऱ्याच्या पुढे दोन हातांवर गॅलरी संपलेली.

जिना मधोमध असल्यामुळे शाबूत होता. मी आणि माझे यजमान दुसऱ्या मजल्यावर धावलो. वहिनी तिथल्या गॅलरीत भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. क्षणभर वाटलं, वाचल्या. मग नीट दिसलं. ताडपत्री त्यांच्याभोवती गुंडाळली गेली होती, आणि तिची दोरी काखेतून, छातीवरून, मानेच्या बाजूने गेली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या मजल्याचा तुटलेला कठडा चाळीबाहेर लोंबकळत होता. तो जसा हेलकावत होता तशी दोरी आवळत होती.

"ह्यां कापा गे," वहिनी म्हणाल्या. "माका श्वास गावना नाय."

आम्ही कठडा वर ओढायचा प्रयत्न केला. दोघांच्याने तो हलेना. मी त्याच मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात शिरले. विळी होती, पण पाटाला घट्ट बसवलेली. तिचं पातं दोरीखाली घालणार कसं? टोमॅटो चिरायची दातेरी सुरी मिळाली. दोरी छातीत इतकी रुतली होती की सुरी आडवी घालायला जागाच नव्हती. मी तिरकी घालून जोर लावला तर ती वाकली, आणि प्लास्टिकची मूठ माझ्या हातात राहिली.

यजमानांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक घडीचा चाकू असायचा. गोदामात स्टोअरकीपर होते तेव्हापासूनचा, खोक्यांच्या पट्ट्या कापायचा. त्यांनी तो उघडला, टोक दोरीखाली सरकवलं आणि वर उचलायला जोर दिला. चाकू मिटला. त्यांच्याच बोटांवर मिटला. ते ओरडले नाहीत. फक्त "अगं, हे धर" म्हणाले आणि चाकू माझ्याकडे दिला. मूठ रक्ताने निसरडी झाली होती. मी दोन्ही हातांनी तो उघडा धरून दोरीवर घासत राहिले. दोरीचे काही पदर तुटले, काही नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आता त्या बोलत नव्हत्या.

अग्निशमन दलाची माणसं आली. खरं म्हणजे लवकरच आली, लालबागच्या त्या गल्लीतून गाडी आणायची म्हणजे सोपं नाही. त्यातल्या एकाने मला खांद्याला धरून बाजूला केलं, कमरेचा आखूड चाकू काढला, दोरीखाली बोट घालून जागा केली आणि एकदाच ओढला. दोरी तुटली. कठडा खाली अंगणात आदळला. एवढंच. मी तिथेच बसले होते, हातात तो मिटणारा चाकू धरून.

वहिनी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारल्या. यजमानांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांमधल्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन झालं, व्यायाम सांगितले, पण ती बोटं परत वाकली नाहीत. सदऱ्याची बटणं आता मी लावते. सुरुवातीला ते तोंड फिरवून उभे राहायचे.

चाळीला लोखंडी टेकू लागले, दारावर नोटीस लागली. जायचं कुठे हे नोटिशीत नव्हतं. ज्यांना गावी किंवा मुलाकडे जाता आलं ते गेले. आम्ही राहिलो. घरोघरी दाराशी एकेक बॅग दिसायला लागली. आमच्याकडे तिला पळायची पिशवी म्हणतात. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या. मी आमची भरली आणि यजमानांना म्हटलं, "यात एक चाकू हवा. न मिटणारा."

"घरात चाकू आणायचा नाही," ते म्हणाले.

"घरात नाही, पिशवीत."

"एकदा सांगितलं ना."

ते माझ्याशी अशा आवाजात पूर्वी कधी बोलले नव्हते. मी वाद घातला नाही. शनिवारी ऑफिस सुटल्यावर एकटीच दादरला उतरले. मंडईच्या मागे एक दुकान आहे, केटररना आणि खाटकांना सुऱ्या विकणारं. पर्समध्ये मी ताडपत्रीच्या दोरीचा तुकडा घेतला होता.

दुकानदाराने आधी मला भाजीच्या सुऱ्या दाखवल्या. मी नको म्हटलं. मग त्याने काचेतून एक काळा, भलामोठा चाकू काढला. पाठीला करवतीसारखे दाते, मुठीच्या टोकाला होकायंत्र, मूठ आतून पोकळ, तिच्यात काडेपेटी आणि गळ.

"ताई, हा घ्या. जंगलवाला. सगळं आहे यात."

मी मूठ घट्ट धरून पातं काउंटरवर दाबलं. जोडाशी किंचित हललं.

"हा हलतोय."

"थोडं हलणारच ना. तुम्हाला करायचंय काय?"

"माणसाच्या अंगाभोवतीची दोरी कापायची आहे."

 त्याने काळा चाकू परत ठेवला आणि खालच्या खणातून चारपाच साधे चाकू काढून समोर ओतले. त्यातले दोन खूप लांब होते. मला हातभर पातं नको होतं. अंगाला चिकटलेल्या दोरीखाली आखूडच पातं जातं, आणि पोलिसाने पिशवी उघडली तर सांगताना मलाच लाज वाटायला नको. एकाची लाकडी मूठ गुळगुळीत होती. मी त्याच्याकडे पाण्याची बाटली मागितली, हात ओला केला आणि परत धरून पाहिला. हात पुढे पात्यावर घसरत होता. तोही बाजूला ठेवला.

उरलेल्यातला एक दिसायला अगदीच गरीब होता. वीतभरही नाही, पातं आखूड आणि पाठीला जाड. पण पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं कडेने दिसत होतं, दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्याला खिळ्यांनी ठोकलेल्या. मुठीच्या पुढे बोट अडवणारा उंचवटा होता. मी यजमानांची दोन बोटं आठवून स्वतःची तीच दोन बोटं ताठ ठेवली आणि उरलेल्यांनी मूठ धरली. धरता आली. डाव्या हातानेही धरता आली. दोरीचा तुकडा दुकानदाराच्या हातात दिला, त्याने ताणला, मी ओढलं. दोरी तुटली.

"हा गंजेल हां ताई," तो म्हणाला. "स्टेनलेस नाय. तेल लावून ठेवा."

मी चाकू म्यानात घातला आणि उलटा धरून जोरात झटकला. तो निघाला नाही. पिशवीत औषधांमध्ये आपोआप बाहेर येणारा चाकू नको होता. किंमत ऐकून मला उलट राग आला. एवढ्याशा पैशांत मिळणारी वस्तू, आणि पूर्ण चाळीत एकाच्याही घरात नव्हती.

घरी येऊन मी तो पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आणि यजमानांना सांगितलं. लपवायचं नव्हतं. ते जेवायला बसले नाहीत. पुढचे काही दिवस पिशवीला वळसा घालून जायचे. मग एका सकाळी मी पूजा करत होते तेव्हा ते दाराशी बसलेले दिसले. चाकू डाव्या हातात, दोरीचं एक टोक पायाखाली, दुसरं दातांत धरलेलं. कापत होते.  मी घंटी वाजवायचं थांबले, पण वळून बघितलं नाही.

वहिनींची मुलगी कॉटन ग्रीनला दिलेली. तीही जुन्या चाळीत राहते, गोदामांच्या मागे. आईचं सामान न्यायला ती आली तेव्हा शेवटच्या खोलीत जाता येत नव्हतं. पालिकेच्या माणसांनी शिडीवरून काढलेली दोन गाठोडी आमच्याकडेच होती. ती चहा घेत बसली आणि तिची नजर पिशवीवर गेली.

"काकी, हे काय?"

मी दाखवलं. तिने चाकू म्यानातून काढला, परत घातला. मग यजमानांकडे बघून विचारलं, "काका, हा तेव्हा असता तर?"

मी काहीतरी बोलणार होते, डॉक्टर म्हणाले होते की आतूनही मार बसला होता, वगैरे. यजमानांनी हात वर करून मला थांबवलं.

"माहीत नाही, बाळ," ते म्हणाले. "मी रोज विचार करतो. मला खरंच माहीत नाही."

ती खूप वेळ रडली. आम्ही तिला रडू दिलं. मग तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि मला म्हणाली, "काकी, हे दुकान कुठे आहे? आमचा जिना पण हलतो."

पुढच्या शनिवारी मी तिला दादरला घेऊन गेले.